दुपारी एक ते तीन

ग्योटिंगेनमध्ये मी पहिल्यांदा नीट वाचलेलं जर्मन म्हणजे खोलीच्या दाराला आतून चिकटवलेला एक कागद. घरमालकीणबाईंनी तो स्वतःच्या हातानं, छापल्यासारख्या अक्षरात लिहिला होता. रात्री दहानंतर न्हाणीघर वापरू नये. जिन्यात सायकल ठेवू नये. रिकाम्या बाटल्या रविवारी टाकू नयेत. दुपारी एक ते तीन बेल वाजवू नये, खिळा ठोकू नये, मोठ्यानं बोलू नये. या शेवटच्या ओळीखाली लाल रेघ होती. मी सदाशिव पेठेतली, ‘दुपारी एक ते चार बंद राहील’ या वाङ्मयावर वाढलेली. शब्दकोश न उघडता सगळा कागद समजला आणि ऑक्टोबर १९९४ च्या त्या ओल्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, इथे निभेल.

मी संस्कृतची विद्यार्थिनी. दोन सत्रांची शिष्यवृत्ती मिळाली होती आणि गावाच्या जुन्या तटाबाहेर एका घराच्या पोटमाळ्यावर खोली मिळाली होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला खाली फाटकापाशी नेलं आणि बेलच्या बटणाशेजारी माझ्या नावाची चिठ्ठी सरकवली. चिपळूणकर हे आडनाव रोमन लिपीत त्या पट्टीत मावेना. त्यांनी ते दोन ओळींत तोडलं, मधे जोडरेघ दिली आणि मला बजावलं की दारावर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही. त्याच्या लेखी तुम्ही इथे राहतच नाही.

गावात फिरायला लागल्यावर दुसऱ्या जातीच्या पाट्या दिसल्या. घरांच्या भिंतींवर, पहिल्या मजल्याच्या उंचीवर, संगमरवरी फलक. त्यावर नाव, फार तर तो माणूस काय होता ते, आणि या घरात राहिल्याची सालं. ही पद्धत १८७४ पासूनची, आणि असे फलक तीनशेहून जास्त आहेत. गाव एवढंसं, सायकलनं पंधरा मिनिटांत आरपार जाता येईल असं. भाजी आणायला निघालं की गणिती गाउसच्या पाटीवरून जावं लागे, आणि पावसात आडोसा शोधला तर डोक्यावर कुणी तरी रसायनशास्त्रज्ञ निघे. पुणेकराला पाट्यांचं अप्रूप नाही. पण आमच्या पाट्या येणाऱ्याला काय करू नये ते सांगतात, यांच्या पाट्या गेलेल्याचं कौतुक करतात. महिन्याभरात मात्र एक गोष्ट ध्यानात आली. ज्यांच्या पाट्या गाव कौतुकानं दाखवतं, त्यांतल्या बऱ्याच जणांना या गावानंच एके काळी कोंडलं होतं, नाही तर वेशीबाहेर घालवलं होतं.

हे असं का, ते समजायला गावाचा धंदा समजून घ्यावा लागतो. तीस वर्षांच्या युद्धानं ग्योटिंगेनची रया गेली होती. हे गाव हानोफरच्या मुलखातलं, आणि हानोफरचा शासक हाच इंग्लंडचा राजा, दुसरा जॉर्ज. त्याच्या नावानं १७३४ साली इथे विद्यापीठ सुरू झालं आणि १७३७ मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालं. कारभार होता म्युन्शहाउझेन नावाच्या मंत्र्याकडे, आणि त्याला हिशेब पक्का कळत होता. श्रीमंत घरची परदेशी पोरं आली तर ती खोल्या घेतील, कपडे धुवायला देतील, जेवतील, पितील, घोडे ठेवतील. म्हणून विद्यापीठाच्या अगदी पहिल्या इमारतींत घोडेस्वारीची शाळा होती. तलवारबाजी आणि नाच शिकवणारे उस्तादही नेमलेले होते. प्राध्यापकांना धर्मशास्त्र्यांच्या चौकशीपासून मोकळीक दिली, कारण रोज भांडणं होतात त्या विद्यापीठात बाप पोराला पाठवत नाही. आणि ग्रंथालय असं उभं केलं की त्यातली पुस्तकं विद्यार्थ्यालाही घरी नेता यावीत. त्या काळी बहुतेक ठिकाणी पुस्तकं राखायची वस्तू होती, द्यायची नव्हती.

म्हणजे परगावचा विद्यार्थी हे या गावाचं पीक. खोल्या भाड्यानं देणं हा इथल्या विधवांचा, शिंप्यांचा आणि खुद्द प्राध्यापकांचाही जोडधंदा होता. विद्यापीठाच्या पटावर पहिल्या दिवसापासूनच्या विद्यार्थ्यांची नावं नोंदलेली आहेत. आमच्या बाईंचाही एक पट होता. निळ्या पुठ्ठ्याची वही, १९५३ पासूनची. तीत प्रत्येक भाडेकरूचं नाव, देश, आल्याची तारीख, गेल्याची तारीख आणि शेवटी ‘शेरा’ असा एक रकाना. एका ग्रीक मुलापुढे ‘सतार नव्हे, पण तसलंच काही वाजवतो’ असं लिहिलं होतं. एका इराण्यापुढे फक्त ‘चहा’. माझा रकाना अजून कोरा होता.

या पिकाला कायदाही वेगळा. विद्यार्थी गावच्या कोतवालाच्या हाताखाली येत नसे. त्याचा न्याय विद्यापीठ करी. त्यासाठी विद्यापीठाचा स्वतःचा तुरुंग होता, त्याला म्हणतात कार्त्सर. विल्हेल्म चौकातल्या सभागृहाच्या इमारतीत तो अजून पाहायला मिळतो. रात्री आरडाओरडा केला, कर्ज बुडवलं, द्वंद्वयुद्ध केलं की काही दिवस आत. कोंडलेल्या पोरांनी तिथल्या भिंतींवर, दारांवर नावं कोरून ठेवली, काजळीनं एकमेकांची तोंडं काढून ठेवली. शिक्षा मिरवायची गोष्ट झाली. आमच्या शाळेत वर्गाबाहेर उभी केलेली मुलं करकटकानं भिंतीत नाव कोरायची, ते आठवलं.

बिस्मार्क १८३२ साली इथे कायदा शिकायला आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. अभ्यासापेक्षा त्याचा वेळ द्वंद्वयुद्धांत आणि दारूत अधिक गेला, आणि त्यानं कार्त्सरची हवाही खाल्ली. तटाला लागून एक छोटा गोल बुरूज आहे. गावाच्या आत राहायची मनाई झाल्यावर तो तिथे जाऊन राहिला, असं गावकरी सांगतात. आज त्या बुरुजाला त्याचंच नाव आहे आणि आत त्याचं संग्रहालय. कवी हाइनेची तऱ्हा तशीच. एका सहाध्यायाला पिस्तुलाच्या द्वंद्वाचं आव्हान दिलं म्हणून जानेवारी १८२१ मध्ये त्याला सहा महिन्यांसाठी विद्यापीठातून काढलं. १८२४ मध्ये तो परत आला, पुढच्या वर्षी कायद्याची डॉक्टरेट घेतली आणि १८२६ मध्ये हार्त्स डोंगराच्या प्रवासाचं पुस्तक छापून त्याच्या सुरुवातीलाच ग्योटिंगेनची अशी टर उडवली की सॉसेज आणि विद्यापीठ ही एकाच पंगतीला बसली. गावानं राग धरला नाही. त्याचीही पाटी आहे.

सगळेच धुडगूस घालायला येत नव्हते. १८१५ साली बोस्टनहून एडवर्ड एव्हरेट आणि जॉर्ज टिकनॉर हे दोन तरुण आले. टिकनॉरला निघण्यापूर्वी जर्मन शिकायचं होतं, तर व्याकरण आणि शब्दकोश मिळवतानाच नाकी नऊ आले होते. अशा गावातून आलेला माणूस ग्योटिंगेनच्या ग्रंथालयात उभा राहिला तेव्हा त्याचं काय झालं असेल, ते मला कळतं. मी पुण्यात ग्रंथालयाच्या खिडकीशी चिठ्ठी देऊन तासभर उभी राहिलेली मुलगी. इथे एक कार्ड दिलं आणि सांगितलं, हवी तितकी न्या. पहिल्या दिवशी चौदा पुस्तकं उचलली आणि सायकल हातात धरून चालत घरी आले. एव्हरेट १८१७ मध्ये इथला डॉक्टर झाला. असा मान मिळवणारा तो पहिला अमेरिकन. पुढे बोस्टनचं सार्वजनिक वाचनालय उभं राहिलं त्यात या दोघांचा मोठा वाटा होता. सामान्य माणसाला पुस्तक घरी नेता आलं पाहिजे, हा टिकनॉरचा हट्ट. परदेशी शिकून आलेला माणूस पदवी भिंतीला लावतो. त्यानं तिथून खरं काय आणलं, ते पंचवीस-तीस वर्षांनी कळतं.

काही जण शिकून काहीच घेऊन जात नाहीत, हेही खरं. १७८६ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जनं आपली तीन पोरं इथे धाडली. त्यांतला पंधरा वर्षांचा एर्न्स्ट आउगुस्ट पुढे हानोफरचा राजा झाला. १८३७ साली विद्यापीठाचा शतकमहोत्सव थाटात झाला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत या राजानं राज्यघटना रद्द केली. सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. त्यांत परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू होते, आणि गाउसबरोबर गावाच्या छपरांवरून तार ओढून १८३३ मध्ये तारायंत्र चालवणारा वेबरही होता. डिसेंबरात सातही जणांना बडतर्फ केलं, आणि याकोब ग्रिमसह तिघांना तीन दिवसांत राज्य सोडायला लावलं. मी ज्या नव्या ग्रंथालयात रोज जात होते, त्याच्या पत्त्यात आज ‘ग्योटिंगेनच्या सातांचा चौक’ असं येतं. इथे शिकलेल्या राजानं हाकलले त्यांच्या नावाचा तो चौक.

बायकांना तर हाकलायलाही आधी आत घ्यावं लागलं असतं. प्राध्यापक श्ल्योत्सरची मुलगी डोरोटेआ १७८७ मध्ये, सतराव्या वर्षी, परीक्षा देऊन तत्त्वज्ञानाची डॉक्टर झाली. समारंभ चर्चमध्ये होता आणि अविवाहित मुलीनं तिथे जायचं नाही, म्हणून तिनं शेजारच्या ग्रंथालयाच्या खिडकीतून आपल्याच पदवीचा सोहळा पाहिला. एमी नोएथरला १९१५ मध्ये हिल्बर्ट आणि क्लाइन या गणितज्ञांनी बोलावून आणलं. पण बाईला अध्यापनाचा हक्क द्यायला सहकारी तयार नव्हते, तेव्हा तिची व्याख्यानं हिल्बर्टच्या नावानं जाहीर व्हायची. तो हक्क मिळायला १९१९ उजाडलं. मी सेमिनारात पहिल्यांदा निबंध वाचला तेव्हा गळ्याला कोरड पडली होती. नंतर मनात आलं, निदान फलकावर नाव माझं होतं.

आता माझ्या खऱ्या कामाकडे येते. मी तिथे गेले ती पतंजलीचं व्याकरणमहाभाष्य वाचायला. हे ऐकून माझे काका म्हणाले होते, “अगं, पतंजली वाचायला जर्मनीत कशाला? येरवड्याला डेक्कन कॉलेजपर्यंत बस जाते की!” काका थट्टेत बोलले, पण ते नकळत इतिहास बोलून गेले होते.

सेमिनारातल्या कपाटात महाभाष्याचे तीन खंड होते. बांधणी नवी, पानं पिवळी, आणि प्रकाशनाचं गाव मुंबई. संपादक फ्रान्झ कीलहॉर्न. हा ग्योटिंगेनचा विद्यार्थी, इथे बेनफाय या पंडिताकडे संस्कृत शिकलेला. १८६६ साली, पंचविशीत, तो पुण्यात डेक्कन कॉलेजात संस्कृतचा प्राध्यापक म्हणून आला आणि १८८१ पर्यंत राहिला. टिळक-आगरकर कॉलेजात होते तेव्हा तो तिथे शिकवत होता. पण पगार शिकवण्याचा असला तरी कीलहॉर्ननं पुण्यात केलं ते शिकणं. युरोपात व्याकरण पुस्तकातून वाचायचे. पुण्यात ते तोंडपाठ असलेले शास्त्री जिवंत होते. त्यांच्याजवळ बसून त्यानं नागोजीभट्टाचा परिभाषेन्दुशेखर उलगडून घेतला, त्याची आवृत्ती आणि भाषांतर केलं, आणि मग महाभाष्याला हात घातला. पहिला खंड निघाला १८८० मध्ये, तो पुण्यात असताना. तिसरा १८८५ मध्ये, तो ग्योटिंगेनला प्राध्यापक होऊन परतल्यावर. डेक्कन कॉलेजातली त्याची जागा रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे आली, आणि त्याच १८८५ साली ग्योटिंगेननं भांडारकरांना सन्मान्य डॉक्टरेट दिली.

हे सगळं मला तिथे कळलं, पुण्यात नाही. माझ्या शेजारी बसणारा जर्मन मुलगा ‘पतञ्जलि’ म्हणताना ‘ञ्ज’ माझ्यापेक्षा स्वच्छ उच्चारायचा. मी विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाला, आमच्या सरांनी. सरांना त्यांच्या सरांनी. मी बोटांवर मोजत मागे गेले. कीलहॉर्न १९०८ पर्यंत इथे शिकवत होता. त्याच्यापासून आजवर चार-पाच पिढ्या. म्हणजे या पोराच्या जिभेवरचा तो अनुनासिक कदाचित शनिवार पेठेतल्या कुणा शास्त्रीबुवांचा. मी हजारो मैल उडत आले होते ते आमच्याच घरातली ठेव परत मागायला, आणि तीही व्याजासकट मिळत होती. तिन्ही खंडांतली पाठभेदांची शिस्त हे ते व्याज. हस्तलिखित हस्तलिखिताशी ताडून पाहायची ती रीत कीलहॉर्ननं इथून नेली होती. त्या शास्त्र्यांची मात्र ना इथे पाटी, ना तिथे.

गावाची एक पाटी मी मुद्दाम टाळत असे. आल्बानी चौकातली. १० मे १९३३ च्या रात्री मशाली घेऊन विद्यार्थी तिथे जमले आणि त्यांनी पुस्तकं जाळली. कोतवालांनी नव्हे, सैनिकांनी नव्हे; ग्रंथालयाचं कार्ड खिशात असलेल्यांनी. जर्मनीभर त्या रात्री जळलेल्यांत हाइनेही होता. त्याच वसंतात नाझी सरकारनं नोएथर, माक्स बोर्न, कूरांट या ज्यू संशोधकांना कामावरून दूर केलं. त्यांचा सहकारी जेम्स फ्रांक निषेध म्हणून स्वतः बाहेर पडला. नोएथर अमेरिकेला गेली आणि दोन वर्षांत वारली. जगभरची पोरं जिथे गणित शिकायला यायची ते गाव एका उन्हाळ्यात ओस पडलं. बाईंना मी एकदा त्या रात्रीबद्दल विचारलं. त्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. म्हणाल्या, “उजेड दिसला होता.” आणि उठून चहाचं भांडं विसळायला लागल्या. पुढे मी विचारलं नाही.

मला घेऊन आलेली विद्यार्थी-विनिमयाची व्यवस्था अशाच पडझडीतून उभी राहिलेली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीशी कुणी बोलेना, तेव्हा १९२५ मध्ये हायडेलबर्गला विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीचं कार्यालय निघालं. पुढे ते नाझींच्या हाती गेलं आणि १९५० मध्ये बॉनला नव्यानं सुरू झालं. १९८७ पासून युरोपात एरास्मुस योजना आली. पहिल्या वर्षी अकरा देशांतले ३२४४ विद्यार्थी हलले. आमच्या वेळेपर्यंत मेन्साच्या, म्हणजे विद्यार्थी-भोजनालयाच्या, प्रत्येक टेबलावर एक तरी स्पॅनिश पोर थंडीच्या नावानं बोटं मोडत बसलेलं असे.

उन्हाळ्यात माझ्या त्या ‘ञ्ज’वाल्या मित्राची मोठी बहीण डॉक्टर झाली. बाजारचौकात कारंज्यावर हंस सांभाळणाऱ्या पोरीचा पुतळा आहे, १९०१ पासूनचा. नव्या डॉक्टरनं तिला फुलं द्यायची आणि गालाची पापी घ्यायची, अशी रीत. १९२६ साली नगराच्या कारभाऱ्यांनी या पाप्यांवर बंदी घातली, पण ती कुणी जुमानली नाही. आता पोस्टकार्डांवर पापी घेतानाचेच फोटो असतात. मित्राच्या बहिणीला सजवलेल्या हातगाडीत बसवून ढकलत आणलं, ती ओल्या कठड्यावर चढली, घसरली, पुन्हा चढली. गर्दीत आमच्या बाई होत्या. टाळ्या वाजवत होत्या. घड्याळात अडीच वाजले होते. चौकात एक ते तीनचा नियम लागू नसावा.

जुलै १९९५ च्या शेवटी मी खोली सोडली. बाईंनी तपासणी केली. खिडक्या ठीक. गादी ठीक. मग ओट्याच्या पांढऱ्या फळीशी त्या थांबल्या. गुढीपाडव्याला हळदीची पुडी सांडली होती, आणि तळहाताएवढा पिवळा डाग पक्का बसला होता. मी लिंबू लावून पाहिलं होतं, सोडा लावला होता, फळी काढून उन्हात ठेवायचा बेतही केला होता. बाईंनी चष्मा लावला, बोट फिरवलं आणि अनामत रकमेतून तीस मार्क वळते केले. चालू भावानं ते साधारण सातशे रुपये होते आणि मला तेव्हा ते फार लागले. मग त्यांनी निळी वही काढली. माझ्या नावापुढे तारीख घातली आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला: कुर्कुमा. हळद. वर जोडरेघेसकट पूर्ण चिपळूणकर.

कार्त्सरच्या भिंतीवर बाकीच्यांनी कोरून ठेवलं तसं काही आपण ठेवलं नाही, याची मला खंत होती. ती त्या दिवशी गेली.

२०११ मध्ये एका परिषदेच्या निमित्तानं पुन्हा जाणं झालं. दोन सत्रांच्या मधे पळ काढून मी तटावरच्या लिंडनच्या झाडांखालून त्या घरापाशी गेले. फाटक तेच. बेलच्या पट्टीत वर एक नवं जर्मन नाव होतं, आणि खाली, पोटमाळ्याच्या बटणाशेजारी, एक व्हिएतनामी नाव, एवढंसं, पट्टीत नीट मावणारं. बाईंचं नाव कुठेच नव्हतं. वर जाऊन ओट्याची फळी पाहावी, बदलली की तीच आहे, असं फार वाटलं. बोट बटणापर्यंत गेलंही.

मग घड्याळ पाहिलं. दोनला दहा कमी होते. मी परत फिरले.